लाल मूठ आणि चार गॅलनचा फरक

बारामती ते बेळगाव, सुमारे 140 नॉटिकल मैल. माझी पहिली लांबची सोलो, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकटीने केलेली फेरी. विमान सेसना 172एस. निघताना टाक्या काठोकाठ, म्हणजे वापरता येण्याजोगं 53 गॅलन इंधन. चढाई धरून 14 गॅलन लागतील असा माझा कागदावरचा हिशेब होता. बेळगावला उतरल्यावर टाकीचं झाकण उघडून डिपस्टिक, म्हणजे इंधन मोजायची पट्टी, बुडवली. निळसर ओल अपेक्षेपेक्षा बरीच खाली आली. दुसऱ्या टाकीतही तेच. दोन्ही मिळून 39 उरायला हवे होते, उरले होते 35. गळती कुठे आहे का बघितलं, ड्रेन तपासले, झाकणं पुन्हा हाताने फिरवून पाहिली. सगळं ठीक होतं. मग लक्षात आलं, की मिक्स्चरची, म्हणजे हवेत किती इंधन मिसळायचं ते ठरवणारी, लाल मूठ सबंध वाटेत मी आत दाबलेलीच ठेवली होती. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या मारताना, ती फुल रिच, म्हणजे जास्तीत जास्त इंधनावर, ठेवतात, तीच सवय घेऊन मी साडेपाच हजार फुटांवर गेले होते.

नव्याने क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या विमानतळापर्यंतची उड्डाणं, सुरू करणाऱ्यांना माझं आधी हेच सांगणं आहे: पीओएचमधल्या (विमानाच्या माहितीपुस्तिकेतल्या) क्रूझच्या, म्हणजे सपाट उड्डाणाच्या, तक्त्याच्या माथ्यावरच्या अटी वाचा. तिथे लिहिलेलं असतं, की आकडे लीन केलेल्या, म्हणजे इंधन कमी केलेल्या, मिक्स्चरचे आहेत. तुम्ही लीन केलं नाहीत तर तासाला नऊ गॅलन हा आकडा तुमच्या विमानाचा राहतच नाही. माझं इंजिन तासाला जवळजवळ बारा गॅलन जाळत होतं. नऊच्या दराने 53 गॅलन जवळपास सहा तास पुरतात, बाराच्या दराने साडेचारही नाही. तो जवळपास दीड तास तुम्ही हाताशी आहे असं धरून चालता आणि तो टाकीत नसतो.

लीन का करायचं, तर वर हवा विरळ होते. तेवढ्याच पेट्रोलला जाळायला हवा कमी पडते आणि उरलेलं न जळता एक्झॉस्टमधून जातं. करायची रीत सोपी, पण घाई चालत नाही. आधी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ठरवा, विमान स्थिर होऊ द्या. मग मूठ फिरवत अगदी हळू बाहेर घ्या. ईजीटीचा, म्हणजे एक्झॉस्टच्या तापमानाचा, काटा चढत जातो, एका जागी थबकतो आणि उतरायला लागतो. थबकला ती पीक. तिथून मूठ थोडी आत, काटा पीकच्या 50 फॅरनहाइट खाली येईपर्यंत. काटा आळशी असतो, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबा. ईजीटी नसेल तर इंजिन किंचित खडबडेपर्यंत लीन करा आणि पुन्हा गुळगुळीत होईपर्यंत आत घ्या. 75 टक्क्यांच्या वर पॉवर असताना मात्र पीकच्या जवळ खेळू नका. सिलिंडर तापतात.

आता पॉवर किती ठेवायची. 172एसचा 4000 फुटांचा तक्ता घ्या, त्यातला प्रमाणित तापमानापेक्षा 20 अंश थंड हवेचा रकाना. 2550 आरपीएमला साधारण 118 नॉट (तासाला 118 नॉटिकल मैल) आणि तासाला 10.6 गॅलन. 2300ला 104 नॉट आणि 8.2 गॅलन. बेळगावचं अंतर पहिल्या वेगाने 71 मिनिटांत होतं, दुसऱ्याने 81. दहा मिनिटं जास्त उडून दीड गॅलन वाचतं, म्हणजे जवळपास सहा लिटर. समोरून 25 नॉटचा वारा असला तर वाचतं तेवढंच, पण त्यासाठी दहाऐवजी सोळा मिनिटं मोजावी लागतात. म्हणून समोरचा वारा असताना मी थोडी पॉवर वाढवते आणि पाठीमागून असला की कमी करते. विमान तासाच्या भाड्याने घेतलं असेल तर सावकाश उडून पैसे वाचत नाहीत, उलट वाढतात. वाचतो तो टाकीतला वेळ, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करा. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर आहे. 40 अंशांच्या दुपारी तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणाच्या हिशेबाने येणारी उंची, साडेपाच हजार फुटांच्या आसपास जाते. विमान धावपट्टीवर उभं असतं आणि इंजिन डोंगरमाथ्यावर असल्यासारखा श्वास घेतं. अशा वेळी तक्त्यातला प्रमाणित तापमानाचा रकाना सोडून 20 अंश जास्तीचा बघा.

टॅक्सी करतानाही, म्हणजे विमान जमिनीवर चालवतानाही, लीन करायला शिका. एव्हीगॅस 100एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. बराच वेळ रिच मिक्स्चरवर रेंगाळलं की ते स्पार्क प्लगवर बसतं. एकदा रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, 1800 आरपीएमवर डावा मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारा भाग) तपासला, तर आरपीएम 200ने पडले आणि इंजिन थडथडायला लागलं. मर्यादा 150ची. त्याच दिवशी होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीलगतच्या थांब्यावर, मी पंधरा मिनिटं फुल रिच उभी होते. आरपीएम वाढवून, लीन करून मिनिटभर चालवलं तेव्हा प्लग साफ झाला. नसता झाला तर परत फिरायचं, एवढं ठरलेलंच असू द्या.

उतरताना मूठ टप्प्याटप्प्याने आत घ्या. खाली हवा दाट होत जाते आणि लीन ठेवलेलं इंजिन ऐन वेळी गुदमरू शकतं.

बेळगावहून परतताना मी 2400 आरपीएम ठेवले, पीक शोधली, काटा 50 खाली आणला आणि दर अर्ध्या तासाला वेळ आणि ईजीटी मांडीला बांधलेल्या नीबोर्डवर लिहून ठेवली. हिशेब पुन्हा 14 गॅलनचाच होता. बारामतीला डिपस्टिक बुडवली तेव्हा फरक अर्ध्या गॅलनचा आला.