लहान मेंदूचं ग्रॅन्युल-जाळं पायथनमध्ये बांधताना

जवळपास सारख्या वाटणाऱ्या दोन संवेदना लहान मेंदू वेगळ्या कशा ठेवतो, हे पायथनच्या चाळीसेक ओळींत बघता येतं.

100 मॉसी फायबर (लहान मेंदूत संवेदना आणणारे चेतातंतू) घ्या, म्हणजे शून्य-एकांची यादी. ‘अ’ आवाजाला त्यांतले 30 चालू, ‘ब’ आवाजालाही 30, आणि 15 दोघांत सामाईक. मग 2000 ग्रॅन्युल पेशी, म्हणजे या तंतूंचे संदेश घेणाऱ्या छोट्या चेतापेशी. प्रत्येकीला कुठलेही चार फायबर जोडा. चारच, कारण खऱ्या पेशीला सरासरी तेवढेच डेंड्राइट (संदेश घेणारे फाटे) असतात. निवडताना तोच फायबर दोनदा येऊ देऊ नका. नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) पुनरावृत्ती मुद्दाम बंद करावी लागते, नाहीतर आकडे किंचित फुगतात आणि चूक लक्षातही येत नाही. चारांपैकी किमान तीन चालू असतील तरच पेशी पेटेल.

आता मोजा. ‘अ’ला साधारण 160 पेशी (8 टक्के) पेटतात, त्यांतल्या ‘ब’लाही पेटणाऱ्या जेमतेम 32. आत येताना निम्मं साम्य होतं, ते पाचावा हिस्सा उरलं. उंबरठा तीनऐवजी एक ठेवून बघा: तीन-चतुर्थांशाहून जास्त पेशी पेटतात आणि नुसता गोंगाट उरतो.

आवाज वाढवून 60 फायबर चालू केले, की तीनच्या उंबरठ्यालाही 47 टक्के पेशी पेटतात. इथे गॉल्जी पेशी लागते. एकूण किती पेशी पेटल्या ते बघून ती उंबरठा चढवते. चारवर नेला की आकडा 12 टक्क्यांवर येतो. 1969 मध्ये चेताशास्त्रज्ञ डेव्हिड मार यांनी पेटणाऱ्या पेशी अगदी मोजक्या असतील असं मांडलं होतं, पण 2017 च्या सुमारास जाग्या उंदरांच्या कॅल्शियम इमेजिंगमध्ये (पेटलेल्या पेशी चमकताना बघायची पद्धत) त्या बऱ्याच जास्त दिसल्या. तेव्हा 8 टक्के हा आकडा पवित्र मानू नका.

शेवटी एक पर्किंजे पेशी जोडा. ती सगळ्या ग्रॅन्युल पेशींचे संदेश बेरजेत घेते; प्रत्येक जोडणीचं वजन (जोर) 1. ‘अ’ आवाजासोबत डोळ्यावर हवेचा झोत आला की क्लायंबिंग फायबर (पर्किंजेपर्यंत येणारा वेगळा तंतू) ‘चूक झाली’ अशी खूण देतो. त्या क्षणी पेटलेल्या पेशींची वजनं निम्मी करा. ‘अ’ची बेरीज 160 वरून 80 वर येते. खऱ्या मेंदूत पर्किंजे पुढच्या पेशींना दाबून ठेवते; तो दाब असा सुटला की पापणी मिटते. ‘ब’ मात्र 144 वरच थांबतो, म्हणजे दहावा हिस्सा गेला. पर्किंजेला मॉसी फायबर थेट जोडले असते तर ‘ब’ 30 वरून 22.5 वर आला असता, पाव भाग गेला असता.

जोडण्या दर वेळी बदलतात, म्हणून दहा वेगवेगळ्या सीडनी (यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारे आकडे) चालवून सरासरी घ्या.