व्यसन नसताना तोंडाचा कर्करोग: कारणाचा शोध कसा घ्यावा

तंबाखूला कधी हात न लावलेल्या माणसाला तोंडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले की घरातील प्रत्येक जण आपापल्या परीने कारण शोधू लागतो. कोणी मोबाइलला दोष देतो, कोणी दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या दाताला, तर कोणी मनस्तापाला. माझ्या थोरल्या बहिणीच्या जिभेच्या डाव्या कडेला गाठ निघाली तेव्हा आमच्याकडेही हेच झाले, आणि जे प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवे होते ते आम्ही सर्वांत शेवटी विचारले. म्हणून पुढील मांडणीत मी कारणांच्या यादीपेक्षा शोधाच्या क्रमाला अधिक महत्त्व दिले आहे.

कारण सापडेपर्यंत उपचार थांबवू नयेत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केमोथेरपी यांचा निर्णय बहुतेक वेळा गाठीचा प्रकार, तिची जागा, आकार आणि मानेतील लसिकाग्रंथींची अवस्था यांवर ठरतो. कारण कोणते, याने त्यात फारसा फरक पडत नाही. याला मोजके अपवाद आहेत व ते मात्र उपचार सुरू होण्यापूर्वीच तपासून घ्यावे लागतात. त्यांचा उल्लेख त्या त्या ठिकाणी येईल. उरलेला शोध उपचारांच्या जोडीने, सावकाश चालू शकतो.

आधी नाव आणि जागा

‘का झाला’ या प्रश्नापूर्वी ‘नेमके काय झाले आणि नेमके कोठे’ हे पक्के करावे. तोंडातील कर्करोगांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतील आवरणाच्या पेशींपासून उद्भवणारे असतात, आणि तंबाखू, मद्य, सुपारी यांविषयी आपण जे ऐकतो ते मुख्यतः याच प्रकाराला लागू पडते. परंतु टाळूवर किंवा गालाच्या आत लाळग्रंथींचाही कर्करोग होऊ शकतो. तोंडात लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) किंवा मेलानोमाही (रंगद्रव्याच्या पेशींचा) क्वचित आढळतो. अहवालात ‘म्यूकोएपिडर्मॉइड’ किंवा ‘अ‍ॅडेनॉइड सिस्टिक’ असे शब्द असतील, तर तंबाखूचा इतिहास उकरत बसण्यात काहीच अर्थ नाही, कारण लाळग्रंथींच्या या गाठींचा तंबाखूशी तसा संबंध प्रस्थापित झालेला नाही.

जागेचेही तसेच आहे. जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग, गालाची आतील बाजू, हिरड्या, तोंडाचा तळ आणि कठीण टाळू हे मुखपोकळीत मोडतात. टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि मऊ टाळू हे घशात मोडतात. बोलताना आपण दोन्हींना ‘तोंडाचा कर्करोग’ म्हणून मोकळे होतो, पण कारणांच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रदेश आहेत. ओठ हा तिसरा. खालच्या ओठावरील कर्करोगामागे वर्षानुवर्षे अंगावर घेतलेले ऊन असू शकते, आणि तेथे हायड्रोक्लोरोथायझाइड या रक्तदाबाच्या औषधाचाही विचार करावा लागतो, कारण ते त्वचेची उन्हाविषयीची संवेदनशीलता वाढवते व दीर्घकाळ घेतल्यास ओठाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आढळला आहे. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या भागाचा जो सविस्तर अहवाल येतो, तो बायोप्सीच्या अहवालापेक्षा अधिक बोलका असतो. बहिणीच्या अहवालात आम्ही केवळ मार्जिन (काढलेल्या भागाची गाठीभोवतीची निरोगी कड) आणि ग्रंथी यांचे आकडे वाचले होते. गाठीलगतच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या आवरणातही डिस्प्लेशिया असल्याची एक ओळ तिसऱ्या परिच्छेदात होती, ती कोणी वाचलीच नाही. डिस्प्लेशिया म्हणजे कर्करोगापूर्वीचे पेशींमधील बदल. गाठ एकाएकी उगवलेली नसून तिच्या आधी तेथे काहीतरी बराच काळ होते, असे ती ओळ सांगत होती. अहवाल संदिग्ध वाटल्यास स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घेऊन दुसऱ्या, मुखरोगांचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यावे.

आयुष्याचा तक्ता

रुग्णाला ‘काही व्यसन?’ असे विचारले जाते, तो ‘नाही’ म्हणतो, आणि केसपेपरवर ती नोंद कायमची चिकटते. हे ‘नाही’ सहसा खोटे नसते, पण अपुरे असते. वीस वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट माणसाच्या हिशेबातच नसते. तंबाखूची पूड दातांना चोळण्याला कित्येक जण व्यसन समजत नाहीत, आणि तंबाखूविना खाल्लेली सुपारी तर निरुपद्रवीच मानली जाते. प्रत्यक्षात सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे.

म्हणून एका मोठ्या कागदावर जन्मापासून आजपर्यंतची वर्षे पाच-पाचच्या टप्प्यांत उभी लिहावीत आणि आडवे रकाने पाडावेत: तंबाखू कोणत्याही रूपात, मद्य, सुपारी, दात व तोंडाचे आजार, इतर आजार व औषधे, कामाचे ठिकाण, घरात धूम्रपान करणारे कोणी. सिगारेट असल्यास ‘पॅक-वर्षे’ काढावीत. रोज २० सिगारेटचे एक पाकीट वर्षभर ओढले तर ते एक पॅक-वर्ष होते, आणि रोज १० सिगारेट सहा वर्षे ओढल्या तर तीन. मद्याबाबत ‘कधीतरी’ हा शब्द लिहू नये. आठवड्याला किती, किती वर्षे, हे लिहावे, आणि थोड्याशा मद्यानेही चेहरा लाल होत असे का तेही नोंदवावे, कारण अशा माणसांच्या शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे घातक द्रव्य अधिक काळ टिकते. तंबाखू आणि मद्य एकत्र असल्यास धोका नुसता बेरजेने वाढत नाही, तर गुणाकाराच्या हिशेबाने वाढतो, त्यामुळे दोन्ही रकान्यांत एकाच काळात नोंद असेल तर तेथे खूण करावी.

हा तक्ता एका बैठकीत होत नाही. आम्हाला तीन आठवडे लागले, आणि खरा उपयोग झाला तो आठवणींपेक्षा कागदांचा. डिस्प्लेशियाची ती ओळ उमगल्यानंतर आम्ही जुनी फाइल उलगडली, तेव्हा सहा वर्षांपूर्वीच्या दंतवैद्याच्या एका पावतीमागे पेन्सिलीने लिहिलेले सापडले: ‘जीभ डावी कड, पांढरा चट्टा, बघू.’ त्यानंतर कोणी बघितलेच नव्हते. ना त्यांनी, ना आम्ही. पुसून न निघणारा आणि दुसरे कारण न सापडणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्यूकोप्लाकिया. लाल चट्टा, म्हणजे एरिथ्रोप्लाकिया, त्याहून अधिक धोक्याचा. ओरल सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाचे आवरण ताठर होऊन तोंड कमी उघडणे) आणि लायकेन प्लेनस (आवरणाचा दीर्घकाळचा दाह) हेही पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या याच गटातले. लायकेन प्लेनसच्या साधारण शंभर रुग्णांपैकी एकाला पुढे कर्करोग होतो. ल्यूकोप्लाकियाचा एक चिवट, चामखिळीसारखा पसरत जाणारा प्रकार विशेषतः वयस्क आणि अनेकदा निर्व्यसनी स्त्रियांमध्ये दिसतो, आणि त्यातून कर्करोग होण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. असा चट्टा सापडला म्हणजे मूळ कारण सापडले असे होत नाही. चट्टा का उमटला, हा प्रश्न उरतोच. तरीही शोध एक पायरी मागे जातो, आणि तोंडाच्या उरलेल्या भागावर किती बारीक लक्ष ठेवावे लागेल याचा अंदाज येतो.

एचपीव्ही: चाचणी कोणती, प्रश्न कोणता

निर्व्यसनी रुग्णाच्या घरी हल्ली पहिला संशय ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवर (एचपीव्ही), विशेषतः त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकारावर जातो. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी गाठ असेल तर हा संशय रास्त आहे. तेथे गाठीच्या पेशींवर, या विषाणूमुळे वाढणाऱ्या पी१६ या प्रथिनाची चाचणी केली जाते, ७० टक्के किंवा अधिक पेशींत ते ठळकपणे आढळल्यास ती सकारात्मक धरतात, आणि अशा घशाच्या कर्करोगाची अवस्था ठरवण्याची पद्धतही वेगळी आहे. पण गाठ जिभेच्या पुढच्या भागावर, गालात किंवा हिरडीवर असेल तर एचपीव्हीमुळे झालेल्या रुग्णांचे प्रमाण थोडेच असते, आणि तेथे पी१६ सकारात्मक आले तरी ते विषाणूचा भरवशाचा पुरावा ठरत नाही. विषाणूचा डीएनए किंवा आरएनए थेट गाठीत शोधावा लागतो. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीवरून ‘कारण सापडले’ असे ठरवू नये.

चाचणी सकारात्मक आल्यास घरात एक अवघड शांतता पसरते, म्हणून एवढे स्पष्ट लिहितो: हा विषाणू अतिशय सर्रास आढळणारा आहे, बहुतेकांचे शरीर त्याला आपोआप हुसकावून लावते, आणि संसर्ग व कर्करोग यांत कित्येक वर्षांचे, कधी दशकांचे अंतर असते. त्यावरून जोडीदाराच्या आजच्या वर्तनाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

उपचारांपूर्वी विचारायचे प्रश्न

रुग्ण पन्नाशीच्या आतला असेल आणि ठळक कारण दिसत नसेल, तर फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक विकाराविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. हा विकार दुर्मीळ आहे, पण तो असलेल्यांमध्ये तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या कित्येक शे पट असतो. ठेंगणी उंची, अंगठ्यातील किंवा हाताच्या हाडातील जन्मजात व्यंग, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, रक्तपेशींची कमी संख्या ही त्याची लक्षणे. मात्र काहींमध्ये यातले काहीच दिसत नाही आणि कर्करोग हीच पहिली खूण ठरते. रक्तातील गुणसूत्रे विशिष्ट रसायनाने किती तुटतात हे पाहून त्याचे निदान होते. हे आधीच कळणे महत्त्वाचे, कारण अशा रुग्णाला किरणोपचार आणि सिस्प्लॅटिनसारखी केमोथेरपीची औषधे नेहमीच्या मात्रेतही जीवघेणी ठरू शकतात. नखांची विकृती, त्वचेवर जाळीदार काळसर डाग आणि तोंडात पांढरे चट्टे असे त्रिकूट असल्यास डिस्केराटोसिस कंजेनिटा या दुसऱ्या दुर्मीळ विकाराचा विचार करतात. यांपैकी काही निघाल्यास भावंडांचीही तपासणी करावी लागते.

प्रतिकारशक्तीचा प्रश्नही याच टप्प्यावरचा. अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, एचआयव्ही, अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर तोंडात दीर्घकाळ राहिलेला दाह, पूर्वी मानेला किंवा चेहऱ्याला दिलेले किरणोपचार, यांची माहिती कर्करोगतज्ज्ञांना असेलच असे गृहीत धरू नये.

संशयिताचे वजन कसे करावे

तुटक्या दाढेविषयी आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. बहिणीच्या डाव्या खालच्या दाढेचा एक कोपरा तुटलेला होता आणि जीभ नेमकी तेथेच घासत असे. बोट लावले तर टोचत असे. पुरावा म्हणून याहून सोयीचे काय हवे? परंतु दाताच्या किंवा कवळीच्या सततच्या घर्षणाने कर्करोग होतो का, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. काही अभ्यासांत संबंध दिसतो, पण तोंडाची एकूण निगा, तंबाखू आणि मद्य हे घटक त्यातून वेगळे काढणे कठीण जाते. शिवाय कधी उलटेही घडते: गाठीमुळे जीभ सुजते आणि मग ती दाताला लागू लागते.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये कारण आणि नुसता संबंध यांत फरक करण्यासाठी काही निकष मांडले. त्यांतले तीन घरबसल्याही लावता येतात. संशयित गोष्ट कर्करोगाच्या आधी, आणि पुरेशी आधी, होती का? तिचे प्रमाण आणि कालावधी मोठा होता का? आणि इतर अनेकांच्या बाबतीतही तसेच आढळले आहे का? दोन वर्षांपूर्वी बसवलेला दात पहिल्याच प्रश्नावर बाद होतो, कारण त्याच जागी चट्टा सहा वर्षांपूर्वी नोंदलेला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गवारीचाही नीट अर्थ लावावा. ‘गट १’ म्हणजे तो पदार्थ माणसात कर्करोग घडवतो याची खात्री आहे. तो किती धोका वाढवतो हे त्यावरून कळत नाही. घरातील दुसऱ्याच्या धुराचा मुखकर्करोगाशी संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, पण तो धोका स्वतः ओढण्याच्या तुलनेत बराच कमी असतो.

इतके सगळे करूनही पुष्कळांच्या हाती ठाम उत्तर लागत नाही, आणि जिभेच्या कडेला कर्करोग होणाऱ्या तरुण, निर्व्यसनी रुग्णांमध्ये तर हे वारंवार घडते. त्यांच्यात एचपीव्हीही सहसा सापडत नाही. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि त्या नकलेत बाहेरच्या कोणत्याही कारणाविना चुका होतात. त्या चुका नेमक्या महत्त्वाच्या जनुकांत साचल्या तर कर्करोग होऊ शकतो. मनाला पटायला हे उत्तर कठीण आहे, पण ते टाळाटाळीचे उत्तर नव्हे. पुढची चाचणी करावी की नाही असा प्रश्न पडला, तर तिच्या निकालाने उपचार, पुढील देखरेख किंवा नातेवाइकांची तपासणी यांपैकी काही बदलणार आहे का, एवढे डॉक्टरांना विचारावे. ‘नाही’ असे उत्तर आले, की आम्ही थांबत गेलो.

बहिणीच्या तक्त्यात ‘कारण’ असा रकाना होता. तो आम्ही खोडून तेथे ‘तोंडाची तपासणी’ असे लिहिले. त्यात आता प्रत्येक भेटीची तारीख, जिभेच्या दोन्ही कडा, तोंडाचा तळ आणि मान यांत काय दिसले याची नोंद असते, आणि दोन आठवड्यांत न बरा होणारा कोणताही व्रण किंवा चट्टा दिसला तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता तो दाखवायचा, असे ठरले आहे. तुटकी दाढ पहिल्याच महिन्यात घासून गुळगुळीत करून घेतली.