सड्यावर विमान न्यायच्या आधी

भातकापणी आटोपते, सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावरचं, गवत पिवळं पडू लागतं आणि रत्नागिरी-राजापूरपासून मालवणपर्यंतच्या, रिमोटवर मॉडेल विमानं उडवणाऱ्यांची चुळबूळ सुरू होते. ही यादी त्यांच्यासाठी, त्यातही मोठी विमानं उडवणाऱ्यांसाठी. एकपंखी असेल तर ८० इंच आणि दुपंखी असेल तर ६० इंच पंखविस्तारापासून पुढची, किंवा मूळ विमानाच्या पाव मापाची मॉडेलं मोठी धरतात. एवढं विमान हातातून निसटलं तर नुकसान फक्त आपलंच होत नाही, म्हणून तयारीचा एकच नियम मी पाळतो: सड्यावर फक्त जोडणी आणि तपासणी करायची. बाकी सगळं घरी, दिवसाउजेडी, टेबलावर.

उदाहरण म्हणून पुष्पक घेऊ. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडवलेलं हे दोन आसनी विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून कितीतरी जण त्यावर शिकले. वर पंख, खाली तिरके आधारदांडे, मागे शेपटीचं चाक. मराठी माणसाने पाव मापात करायला याहून चांगलं विमान मला दिसत नाही. मूळ पंखविस्तार ३६ फूट, म्हणजे आपला ९ फूट. वजनाचा हिशोब मात्र चारने भागून होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चौथाई झाल्या की वजन ६४ने भागायचं. मूळ विमान भरलेलं ६०० किलोच्या आसपास, तेव्हा आपलं साडेनऊ किलोपर्यंत बसलं पाहिजे. बारा-तेरा किलोवर गेलं तर ते उडेल, पण जोरात उतरेल, आणि जांभ्यावर जोरात उतरणं म्हणजे चाकं जिथे बसवतात त्या ठोकळ्याची परीक्षा.

बांधणी पावसाळ्यात होते, आणि खरी काळजी तिथेच लागते. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की बाल्साचं हलकं लाकूड पाणी पिऊन जड होतं, हाताला मऊ लागतं. लाकूड कापायच्या आधी दोन दिवस माळ्यावर चुलीच्या उबेला ठेवा, किंवा बंद कपाटात सिलिका जेलच्या पिशव्यांबरोबर. झटपट चिकटणारा गोंद ओल्या हवेत अपेक्षेपेक्षा लवकर धरतो, तेव्हा भाग आधी कोरडेच जुळवून बघा आणि मगच थेंब सोडा. दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी गोंदाची गोष्ट उलटी आहे. ती वाळते, पण वर तुपकट थर येतो. त्यावर तसाच दुसरा हात दिला तर तो सोलून निघतो. थर साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या, पॉलिशपेपर मारा आणि मग पुढचा हात द्या. इंजिन ज्या प्लायवर बसतं त्या फायरवॉलला मात्र तेल-पेट्रोल पिऊ न देणारा इपॉक्सीचा हात दोनदा हवाच, नाहीतर दोन हंगामांत ते लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. बोटाच्या पेराने ठोकून बघा: चांगला प्लाय टणक वाजतो, तेल प्यायलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला तर त्या हंगामात ते विमान उडवू नका, फायरवॉल बदला.

पंख भिंतीला टेकवून ठेवू नका. ओलीने ते पिळवटतात, आणि वाळवीला भिंतीतून थेट वाट मिळते. आढ्याला दोन पट्ट्यांवर आडवे टांगा.

आता वीज आणि तारा. खारी हवा सगळ्यात आधी इथे घुसते. सर्व्होच्या (विमानाचे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) प्रत्येक वायरचं टोक काढा आणि भिंगाखाली धरा. सोनेरी पिनेवर हिरवट पावडर दिसली तर ती पुसून वापरू नका, कनेक्टरच बदला. बॅटरीच्या काळ्या वायरचं इन्सुलेशन इंचभर सोला. आतली तांब्याची तार काळवंडलेली असेल तर ती अख्खी वायर कापून टाका, कारण तो गंज आतून पुढे सरकत जातो आणि अशा तारेवर सोल्डरही धरत नाही. एवढ्या विमानाला रिसीव्हरसाठी (रिमोटचे संदेश घेणाऱ्या डबीसाठी) दोन बॅटऱ्या आणि दोन स्विच असावेत, इग्निशनची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, बॅटरी तिसरी. ६.६ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या मला यासाठी बऱ्या वाटतात. फुगण्याची भीती कमी आणि बहुतेक सर्व्होंना रेग्युलेटरही लागत नाही. पण यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून नुसता मीटर लावून समाधान मानू नका. उड्डाणानंतर किती मिलीअँपिअर-तास परत भरले ते लिहून ठेवा. इग्निशनचा डबा आणि रिसीव्हर यांच्यात किमान फूटभर अंतर ठेवा.

पेट्रोलकडे आता जास्त लक्ष द्यावं लागतं. पंपावर मिळणाऱ्या ई२० मध्ये इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणात हवेत पाण्याला तोटा नाही. कॅन अर्धा रिकामा ठेवून महिनाभर विसरलात तर तळाला पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन बसतं, आणि टाकीतली नळी नेमकं तेच आधी ओढते. कार्ब्युरेटरमधले पातळ पडदेही इथेनॉलने ताठ होतात. ताठ पडद्याचं इंजिन जमिनीवर छान घुमतं आणि वर चढताना गुदमरतं. तेव्हा लागेल तेवढंच ताजं पेट्रोल आणा, लिटरला ३० मिलीच्या आसपास चांगलं टू-स्ट्रोक तेल घाला, कॅन धातूचा आणि गळ्यापर्यंत भरलेला ठेवा. पडद्यांचा एक जादा संच घरात असू द्या.

जागा. सडा सपाट दिसतो, पण चालून बघितल्याशिवाय तो कळत नाही. आदल्या आठवड्यात जाऊन धावपट्टीची लांबी पायांनी मोजा, सुटे दगड वेचा, गवत मालकाला विचारूनच कापा. गाडी मात्र वाटेल तिथे घालू नका. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचं गोठणं इथल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि न सापडलेली अजून किती मातीखाली असतील कोण जाणे. एका चाकाखाली हजारो वर्षांची रेघ जाऊ शकते, आणि ती दुरुस्त होत नाही. मूळ वाटेवरच गाडी लावा, पुढचं सामान डोक्यावरून न्या.

सड्याच्या समुद्राकडच्या कडेपासून आत राहा. खारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि कडेच्या आतल्या बाजूला भोवरे घालतो. उतरायला तिकडून आलात तर शेवटच्या वीस-तीस फुटांत विमान हातात राहत नाही. आंब्याच्या बागा कुठून सुरू होतात ते बघून घ्या. एप्रिल-मेमध्ये माणसं घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन झाडावर असतात, त्या दिवसांत बागेच्या बाजूला वळणच घ्यायचं नाही.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उडवायचं मनात असेल तर ओहोटीचं गणित आपल्याकडे तोंडपाठ असतंच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला ओहोटी आणि तेव्हा वाराही मंद. मोठ्या चाकांना ओली घट्ट वाळू झकास. पण मी सडाच निवडेन. वाळू कार्ब्युरेटरमध्ये जाते, माणसं कुठूनही येतात, आणि वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवांची घरटी असतात, तिथे तर विमान काढूच नये.

परवानगीचं काम मोकळ्या मनाने करा. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, फक्त छंद, शिक्षण, संशोधन किंवा चाचणीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलची स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या रचनेची सरकारी मान्यता) लागत नाही. पण म्हणजे आभाळ मोकळं झालं असं नव्हे. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचा सडा हिरव्या पट्ट्यात येतो का ते आधी बघा. हिरव्यातही ४०० फुटांची मर्यादा आहे, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ती २०० फुटांवर येते. चिपी विमानतळाजवळच्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. रत्नागिरीत तटरक्षक दलाची विमानं असतात, तिथेही. सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटून सांगा, जवळच्या सागरी पोलीस ठाण्यातही कळवा. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना अनोळखी विमान दिसलं की ते चौकशी करणारच, आणि केलीच पाहिजे.

आदल्या रात्री सगळं चार्ज करा, ट्रान्समीटरमध्ये (हातातल्या रिमोटमध्ये) योग्य मॉडेल निवडलेलं आहे ना ते बघा, पंख जुन्या गोधडीत गुंडाळा. पंख जोडायचा पाइप, आधारदांड्यांच्या पिना आणि त्यांचे क्लिप एकाच डब्यात ठेवा. पुष्पकचे दांडे शोभेचे नाहीत, पंखाचा भार तेच घेतात. चहा-पोहे कुणीतरी आणतंच.

सड्यावर सूर्योदयाला पोचा. सकाळचा मतलई वारा मंद, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा असतो, तेव्हा पूर्वेकडे तोंड करून उड्डाण. दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो आणि मग पश्चिमेकडून खारा सुरू होतो. तो आडवा लागायला लागला की शेपटीच्या चाकाचं विमान जमिनीवर गर्रकन फिरतं, तेव्हा आवराआवर करा.

जोडणी झाली की तोल. पंखाची रुंदी साधारण ३७ सेंटीमीटर धरली तर पुढच्या कडेपासून ९ ते ११ सेंटीमीटरमध्ये विमान टाकी रिकामी असताना तोललं पाहिजे, पहिल्या उड्डाणाला पुढच्या बाजूला झुकतं. प्रत्येक हलणारा भाग चिमटीत धरून जरा ओढा. बिजागरी सरकली तर आज उड्डाण नाही. प्रोपेलरच्या कडेवर नख फिरवा. जांभ्याचे खडे लाकडी प्रोपेलर चावतात, आणि चावा लागलेला प्रोपेलर तासून वापरायचा नसतो, दोन तुकडे करून टाकायचा, म्हणजे दुसराही कुणी वापरणार नाही. मग इंजिन बंद असताना ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर विमान आपोआप काय करतं ते, बघा: थ्रॉटल (इंजिनाचा वेग ठरवणारी झडप) मिटायला हवं. ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम कमी करणारा रेंज मोड लावून तीस पावलं मागे जा, आधी इंजिन बंद आणि मग चालू ठेवून. दोन्हींत फरक दिसला तर दोष इग्निशनच्या बाजूचा आहे. इंजिन सुरू करताना विमान बांधलेलं हवं, पण कातळात खुंटी ठोकता येत नाही. गाडीच्या चाकाला दोर घ्या, शिवाय एक जाणता माणूस शेपटीपाशी बसवा. प्रोपेलरच्या रेषेत कुणी नको, मुलं तर मुळीच नकोत.

फेब्रुवारीपासून गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. अग्निशामक नळकांडं, दोन ओली गोणपाटं आणि पाण्याचा कॅन धावपट्टीजवळच ठेवा. वणवा पेटला तर विमान सोडून आधी तो विझवायचा.

घारी येतात, त्या बहुधा कुतूहलाने. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड मात्र घरट्याजवळ हद्द सांगतो. तो दिसला की थ्रॉटल कमी करा, लांब वळण घेऊन उतरा. आकाश त्याचं आहे.

दुरुस्तीच्या पेटीत चिकटपट्टी, कव्हरिंगचे (पंखावरच्या पातळ आवरणाचे) तुकडे, पातळ आणि जाड गोंद, जादा प्रोपेलर, चाकाचे कॉलर, सायलेन्सरचे बोल्ट, थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव). फाटलेलं कव्हरिंग, निखळलेलं चाक, सैल बोल्ट एवढंच तिथे दुरुस्त करा. स्पार (पंखातला मुख्य दांडा), फायरवॉल, चाकांचा ठोकळा, हलणारे भाग यांना सड्यावर गोंद लावून पुन्हा उडवणं मला मान्य नाही, कितीही लांबून आलेले असलात तरी. विमान बागेत पडलंच तर आधी बागवाल्याला भेटा, मग मोठ्या कापडात शेवटचा तुकडासुद्धा गोळा करा. ढलपीच्या आकाराचे तुकडेही घरी एकमेकांत बसतात आणि मूळ आकार परत मिळतो. तुटलेल्या स्पारचा सांधा सरळ नको, लाकडाच्या जाडीच्या दहा-बारा पट लांबीचा तिरका काढा आणि दोन्ही बाजूंनी पातळ प्लायची पट्टी द्या.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळं अंग पुसा आणि कोरडं करा. स्टीलच्या तारा, आधारदांड्यांच्या पिना आणि इंजिनचे बोल्ट तेलाच्या बोटाने पुसून घ्या. टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या असतील तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. वहीत तारीख, वारा, इंजिनचा वेळ, बॅटरीत भरलेला चार्ज आणि संपलेल्या सुट्या भागांची नावं लिहा, आणि ते भाग दुसऱ्याच दिवशी मागवा. आडगावात कुरिअर पोचायला वेळ लागतो आणि हंगाम मे अखेरपर्यंतच आहे.