बाटलीवरचं वासरू अंग धरत नसेल तर

२०२२ च्या लम्पीत, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाच्या साथीत, आमची देवणी गाय गेली. मागं आठ दिवसांची कालवड राहिली, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणजे आमच्या उदगीरकडं शेवरा म्हणतात ती. नशीब एवढंच की गाय धडधाकट असतानाच तिला चीक मिळाला होता. (खरवसासाठी चीक काढायची घाई असते घरात. आधी वासराचं पोट, पहिल्या तासा-दोन तासांत, मग खरवस.) तिथून पुढं दुसऱ्या गाईचं दूध, तेही बाटलीनं, आणि महिना झाला तरी पोरगी वाढेना. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. शेजारी म्हणाले टॉनिक द्या, इंजेक्शन द्या.

तुमच्या गोठ्यात असं वासरू असेल तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, एवढे किलो वजन. अंदाजच आहे, पण डोळ्यापेक्षा बरा. आमचीचा घेर २७, लांबी २२, म्हणजे २४ किलो. जन्मली तेव्हा ती २२ च्या आसपास असावी. महिनाभरात दोनच किलो! गावरान वासरानं दिवसाला पाव किलो तरी धरायला हवं.

मग दुधाचा हिशोब केला आणि माझं मलाच वाईट वाटलं. वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं दूध रोज लागतं, म्हणजे तिला किमान २.४ लिटर. मी देत होते दीड लिटर, वर अर्धा लिटर पाणी घालून, कारण जुनी माणसं सांगत की घट्ट दूध बाधतं. बाधत नव्हतं, लेकरू उपाशी राहत होतं. दुधात पाणी घालू नका. पाणी प्यायला वेगळं, स्वच्छ, कायम समोर ठेवा. मागं पडलेल्या वासराचं दूध वाढवायचं ते हळूहळू, दोन-तीन दिवसाला पाव लिटर. मी तीन लिटरपर्यंत नेलं आणि दोनाऐवजी तीन वेळा विभागलं.

दुसरी चूक बूचाची. लवकर आवरावं म्हणून मी तापल्या सुईनं बूचाचं भोक मोठं केलं होतं. ती मिनिटात बाटली संपवायची, ठसकायची, नाकातून दूध यायचं. नवं बूच आणलं. बाटली उलटी धरली की दूध थेंब थेंब पडावं, धार लागू नये. आता ती सावकाश चोखायची, ओठांच्या कडेला पांढरा फेस यायचा, शेपूट हलत राहायचं. वासरू मान जरा ताणून चोखतं तेव्हा दूध पहिल्या पोटाला वगळून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं आणि पचतं. बाटली त्याच्या डोक्याच्या उंचीला धरा. तोंड आभाळाकडं करून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं, आणि न्यूमोनियाचं वासरू वाचवणं फार अवघड. दूध कोमट, अंगाच्या उबेएवढं, साधारण ३८-३९ अंश. वेळा रोज त्याच. बाटली-बूच दर वेळी गरम पाण्यानं धुवायचं, यात हयगय नको.

एवढं करूनही वाढत नसेल तर शेणाकडं बघा. पांढरं, चिकणमातीसारखं, घाण वासाचं शेण आणि वर मोठं पोट असेल तर बहुतेक जंत. म्हशीच्या रेडकात तर फारच. पहिलं जंतनाशक दहा ते पंधरा दिवसांचं असताना, पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पण मात्रा डॉक्टरांना वजन सांगूनच घ्या. हिरड्या आणि पापण्यांची आतली बाजू गुलाबी हवी. फिकट दिसली तर कानामागं, शेपटीखाली गोचीड शोधा. हागवण लागली तर दूध तोडू नका, दोन पाजण्यांच्या मध्ये ओआरएसचं पाणी द्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. ताप १०३ च्या वर, किंवा दूध नको म्हणालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसऱ्या आठवड्यापासून भरडा सुरू करा. मी मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा आणि चिमूटभर खनिज मिश्रण द्यायची. दूध संपलं की बोटावर घेऊन तिच्या तोंडात सारायची. चार-पाच दिवसांत ती स्वतः घमेल्यात तोंड घालायला लागली. सोबत कडब्याची कोवळी पानं. पहिलं पोट दाण्यानंच तयार होतं. माती चाटत असेल तर खनिज कमी पडतंय असं समजा. थंडीत कोरडं गोणपाट अंथरा, नाहीतर दुधातली ताकद अंग गरम ठेवण्यातच जाते.

पंधरा दिवसांनी परत टेप लावली. घेर २९, लांबी २३, म्हणजे २९ किलो. तारीख आणि आकडा मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिला. बाटली साडेतीन महिन्यांनी सोडवली, जेव्हा ती सलग तीन दिवस पाऊण किलो भरडा खायला लागली. आधी दुपारची पाजणी बंद केली, आठवड्यानं संध्याकाळची, आणि सकाळची सगळ्यात शेवटी.