गवेन आणि हिरवा सरदार: मध्ययुगीन दंतकथा मराठीत तासाभरात कशी सांगावी

ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाच्या दरबारातल्या सगळ्या कथा सांगायला निघालेला माणूस बहुधा पहिल्या वंशावळीतच अडकतो. म्हणून एकच निवडावी, आणि ती आर्थरच्या भाच्याची, गवेनची असावी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या मध्यभागातल्या वायव्य मिडलँड्सच्या बोलीत एका अनाम कवीने ती २५३० ओळींत रचली. तिचं एकच हस्तलिखित उरलं आहे. १७३१ च्या आगीतून ते वाचलं, १८३९ साली पहिल्यांदा छापलं गेलं आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

वरवर बघता ही जादूची गोष्ट आहे. कापलेलं मुंडकं बोलतं, म्हातारीच्या रूपात चेटकीण बसलेली असते. पण गोष्ट उभी आहे ती तीन करारांवर. करार चोख मांडले की जादू आपोआप पटते. ते ढिले राहिले तर कितीही मंत्रतंत्र घातलं तरी ऐकणारा मोबाइल काढतो.

पहिलं काम: करार कागदावर उतरवा

सांगायला बसण्याआधी तिन्ही करार एकेका वाक्यात लिहून काढा.

पहिला आर्थरच्या राजधानीत, कॅमेलॉटमध्ये, नववर्षाच्या दिवशी. दरबारात आलेला एक अनोळखी हिरवा सरदार म्हणतो: माझ्या मानेवर एक घाव घाल, वर्ष आणि एक दिवस सरला की तसाच घाव माझ्याकडून घ्यायला ये. गवेन त्याचं मुंडकं उडवतो, पण सरदार मरत नाही.

दुसरा गवेनला वाटेत लागलेल्या किल्ल्यात, तिथल्या धन्याशी, म्हणजे यजमानाशी. दिवसभरात मी शिकारीत जे मिळवीन ते तुझं, तू घरात बसून जे मिळवशील ते माझं.

तिसरा यजमानाच्या बायकोशी. हा हिरवा रेशमी पट्टा कमरेला बांधलास तर तुला कोणी मारू शकणार नाही. पण माझ्या नवऱ्याला सांगायचं नाही.

तिसरा करार पाळायचा तर दुसरा मोडावाच लागतो. गोष्टीचा खिळा इथे आहे. सगळं सांगणं या टक्करीकडे नेणारं असावं. पहिल्या करारातली एक बारीक अट बरेच जण गाळतात: घाव घ्यायला गवेनने स्वतः शोधत यायचं आहे. ती गाळली की हिवाळ्यातला प्रवास विनाकारण वाटतो.

वेळ कशी वाटायची

मूळ काव्याचे चार भाग आहेत आणि त्यांत अनुक्रमे ४९०, ६३५, ८७२ आणि ५३३ ओळी आहेत. साठ मिनिटं हातात असतील तर त्याच प्रमाणात साधारण १२, १५, २१ आणि १२ मिनिटं द्या. नवखा सांगणारा उलट करतो. मुंडकं उडण्यात पंचवीस मिनिटं घालवतो, कारण तिथे टाळ्या मिळतात, आणि किल्ल्यातले तीन दिवस ‘मग तीन दिवस शिकार झाली’ एवढ्यावर उरकतो. मग शेवटचे तीन घाव कशाचे, हे कोणालाच कळत नाही.

तारखांची एक टाचणी जवळ ठेवा. गवेन सर्वसंत दिनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २ नोव्हेंबरला निघतो. नाताळच्या आदल्या दिवशी किल्ला दिसतो. शिकारी २९, ३० आणि ३१ डिसेंबरला, घाव १ जानेवारीला. मूळ काव्यात २८ डिसेंबरचा हिशेब लागत नाही. तो दिवस कुठे गेला यावर अभ्यासक वाद घालतात. तुम्ही ‘सण आटोपला, पाहुणे पांगले’ म्हणा आणि पुढे चला.

नाती आणि संबोधनं

इथे मराठीला आयता फायदा आहे. गवेन हा आर्थरच्या बहिणीचा मुलगा, म्हणून आर्थर त्याचा मामा. किल्ल्यात म्हातारीच्या रूपात बसलेली चेटकीण मॉर्गन ल फे ही आर्थरची सावत्र बहीण, म्हणून ती गवेनची मावशी. भर दरबारात गवेनने ‘महाराज’ म्हणावं, पण कुऱ्हाड हातात घेण्याची परवानगी मागताना एकदाच ‘मामा’ निसटू द्यावं. अख्ख्या दरबाराला आव्हान देणाऱ्या माणसापुढे राजा स्वतः उठलेला असतो, आणि भाचा म्हणतो की सगळ्यांत दुबळा मी, माझ्या जिवाची किंमत कमी, मला जाऊ द्या. ‘मावशी’ हा शब्द मात्र शेवटच्या उलगड्यापर्यंत राखून ठेवा.

किल्ल्यात गवेन यजमानाच्या बायकोशी सतत ‘आपण’ असं बोलतो. त्याची सभ्यता हीच त्याची ख्याती. बाईला पहिल्या दोन दिवशी ‘तुम्ही’ वर ठेवा, तिसऱ्या सकाळी ‘तू’ वर आणा. गवेन ‘आपण’ सोडत नाही. एवढ्याने खोलीतला ताण कळतो, वेगळं वर्णन लागत नाही.

चिलखत: पायाकडून डोक्याकडे

आर्थरचा काळ पाचव्या-सहाव्या शतकातला मानला जात असला तरी कवीने गवेनला स्वतःच्या काळातलं, चौदाव्या शतकातलं लोखंड घातलं आहे. तुम्हीही तेच ठेवा. पोलादी जोडे, नडगीपट्ट्या, गुडघ्यांच्या वाट्या, मांडीपट्ट्या, मग कड्यांचं चिलखत, बाहुपट्ट्या, कोपरं, हातमोजे, वरून रंगीत अंगरखा, टाचेला आऱ्या, कमरेला तलवार आणि अखेरीस शिरस्त्राण. अशा संपूर्ण साजाचं वजन साधारण २० ते २५ किलो. ते अंगभर वाटलेलं असतं, त्यामुळे माणूस चालतो, घोड्यावरही चढतो. दोरखंडाने उचलून घोड्यावर ठेवायचं दृश्य घालू नका. ती नंतरची थट्टा आहे.

ढालीवर मात्र थांबा. तांबड्यावर सोनेरी पंचकोनी तारा, एका रेघेत न तुटता काढलेला. त्याचे अर्थ पाच पंचकांचे: निर्दोष पाच इंद्रियं, न चुकणारी पाच बोटं, ख्रिस्ताच्या पाच जखमा, त्याची आई मेरी हिचे पाच आनंद आणि औदार्य, स्नेह, शुचिता, सौजन्य, करुणा हे पाच गुण. सगळी पाठ म्हणू नका, झोप येते. रेघ कुठेही तुटत नाही एवढं ठसवा. ताऱ्याची ही गाठ आणि कमरेच्या पट्ट्याची गाठ यांचा सामना पुढे होणार आहे.

प्रवास

उत्तर वेल्स, डाव्या हाताला अँगलसी बेटं, मग विरल नावाच्या भागातलं रान. वाटेत अजगर, लांडगे, रानमाणसं, अस्वलं, राक्षस असं सगळं येतं, पण कवी त्यांना काही ओळींत निकालात काढतो आणि म्हणतो की थंडी त्याहून वाईट होती. हे त्याचं शहाणपण उचला. युद्धाचं वर्णन एक मिनिट, थंडीचं तीन. लोखंडी कपड्यांतच उघड्या खडकांवर झोप, वरून हिमवृष्टी.

मूळ काव्य अनुप्रासावर चालतं आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी पाच आखूड यमकी ओळी येतात. सगळीकडे अनुप्रास ओढला तर भाषा पोरकट होते. त्याऐवजी प्रसंग संपला की एक ओवी टाका:

थंडीने थिजले थेंबाथेंबी पाणी ।
लोखंड अंथरुणी, लोखंड पांघरुणी ।
वाट विचारावी तर वाटेत न कोणी ।
गवेन एकटा ॥

अशा चार-पाच ओव्या तासाभराला पुरतात.

तीन सकाळी, तीन शिकारी

हा गाभा आहे. इथे घाई नको. रचना अशी की शिकार सुरू होते, मध्येच आपण शयनगृहात येतो, पुन्हा शिकारीकडे जातो आणि संध्याकाळी देवाणघेवाण होते. तिन्ही दिवस हाच क्रम ठेवा, फक्त गती वाढवत न्या.

पहिला दिवस हरणांचा. नर हरणांच्या शिकारीचा हंगाम बंद असल्याने धनी त्यांना सोडायला सांगतो, माद्याच मारल्या जातात. घरात एक चुंबन. संध्याकाळी गवेन ते यजमानाला देतो. कुठून मिळालं, विचारलं तर म्हणतो, ते सांगणं करारात नाही. दुसरा दिवस रानडुकराचा. धनी प्रवाहात उतरून एकट्याने त्याच्या गळ्याच्या खळगीत तलवार घालतो. घरात दोन चुंबनं, तीही पोचती. तिसरा दिवस कोल्ह्याचा. तलवार दिसताच कोल्हा अंग आखडून वळतो आणि नेमका कुत्र्यांच्या तोंडी जातो. घरात तीन चुंबनं आणि पट्टा.

त्या संध्याकाळी एक छोटी गोष्ट घडते ती सोडू नका. पहिल्या दोन दिवशी यजमान आधी देतो. तिसऱ्या दिवशी गवेन स्वतः पुढे होऊन तीन चुंबनं देऊन टाकतो. पट्टा देत नाही. दोषी माणसाची घाई आहे ती. मुद्दाम बोट दाखवू नका, क्रम बदला आणि पुढे जा. नीट ऐकणाऱ्याला टोचतं. पट्टा घेतल्यावर तो पाद्र्याकडे पापनिवेदनही करून आलेला असतो, पण पट्टा परत केलेला नाही.

शाळेत किंवा घरच्या कार्यक्रमात चुंबनांचं काय करायचं, असा प्रश्न येतोच. त्यांच्या जागी फुलं घालण्याचा मोह टाळा. फूल दिसतं, त्याचा माळी शोधता येतो. चुंबनाचा ठावठिकाणा नाही, म्हणूनच करारातली गंमत टिकते. शिवाय गवेन धिप्पाड दाढीवाल्या यजमानाला अगदी गंभीरपणे चुंबन देतो तेव्हा मुलं खळखळून हसतात आणि अवघडलेपण जातं. बाईला मोहिनी करून टाकू नका. ती हुशार, बोलकी, आणि शेवटी कळतं तसं नवऱ्याच्या सांगण्यावरून वागणारी आहे.

प्रतिस्पर्धी लपवावा कसा

हिरवा सरदार आणि किल्ल्याचा धनी बर्टिलॅक एकच. दोघांत तीन गोष्टी सारख्या ठेवा: अवाढव्य अंग, मोठ्ठी दाढी, खेळांची हौस. दोन गोष्टी वेगळ्या: रंग आणि आवाज. धन्याची दाढी तांबूस तपकिरी, आवाज मोकळा. हिरव्या सरदाराची ओळख घट्ट बसवायला त्याच्या एका हातात होली या सदाहरित काटेरी झाडाची फांदी आणि दुसऱ्या हातात सुमारे पावणेचार फूट लांब पात्याची कुऱ्हाड द्या. किल्ल्यात यातलं काहीच दिसता कामा नये.

मॉर्गनचं प्रकरण अवघड आहे, कारण मुळात तिचा खुलासा शेवटी थोड्या ओळींत येतो आणि चिकटवल्यासारखा वाटतो. ती मर्लिन या जादूगाराकडून विद्या शिकलेली. गोलमेजाच्या, म्हणजे आर्थरच्या सरदारांच्या, गर्वाची परीक्षा घ्यायला आणि आर्थरच्या ग्वेनिव्हियर राणीला भीतीने मारायला तिने हे रचलं, असं सरदार सांगतो. उपाय सोपा आहे. किल्ल्यातल्या म्हाताऱ्या बाईला तीनदा दाखवा: हनुवटीपर्यंत गुंडाळलेली, काळ्या भुवयांची, जेवणात सगळ्यांत मानाच्या जागी बसलेली. ती कोण हे कोणी विचारत नाही. एकदाही बोलू देऊ नका.

पट्ट्यात खरंच शक्ती होती का, याचं उत्तर गोष्ट देत नाही. तुम्हीही देऊ नका.

घाव

हिरवं देऊळ म्हणजे देऊळ नव्हेच. गवत चढलेला पोकळ ढिगारा. अनेक जण ते स्टॅफर्डशायरमधल्या लड्स चर्च या खडकाच्या चिरेशी जोडतात. आधी कुऱ्हाडीला धार लावल्याचा आवाज ऐकवा, माणूस नंतर दाखवा. पहिल्या घावाला गवेनचे खांदे आखडतात. कोल्हा आठवतो तो इथे. दुसरा नुसती हूल. तिसरा मानेला चाटून जातो, बर्फावर रक्त पडतं. पहिले दोन कोरे, कारण पहिल्या दोन दिवशी हिशेब चुकता झाला होता. तिसऱ्याला ओरखडा, कारण पट्टा राहिला. हे गणित सरदाराच्या तोंडून, शांत आवाजात, तीन वाक्यांत. त्यात दया असावी: तू जिवाच्या प्रेमापोटी घेतलास, म्हणून दोष थोडा.

त्यानंतर गवेन संतापून बायबलमधल्या आदम, सॅमसन, सॉलोमन यांची नावं घेत सगळा दोष बायकांवर ढकलतो. काही जण हे कापतात. ठेवावं, पण दोनच वाक्यं, आणि अशा सुरात की लाजलेला माणूस तोंड लपवतोय हे कळेल.

कॅमेलॉटला परतल्यावर तो पट्टा लाजेची खूण म्हणून आडवा बांधतो. दरबार हसतो आणि प्रत्येक जण तसाच हिरवा पट्टा बांधायचं ठरवतो. इथे सांगणाऱ्याने बाजू घेऊ नये. हसणं प्रेमाचं की उथळ, यावर नंतर चहाच्या वेळी वाद होतो. त्यासाठी साठ मिनिटांबाहेर दहा मिनिटं राखून ठेवा.