डिजिटल क्रॉसओव्हर वापरून घरी ॲक्टिव्ह स्टिरिओ कसा उभारावा

नेहमीच्या स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायरकडून आलेला संदेश पेटीतील कॉइल आणि कपॅसिटर वूफर (खालच्या स्वरांचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा घटक) व ट्वीटर (वरच्या स्वरांचा ड्रायव्हर) यांमध्ये वाटून देतात; या वाटणीलाच क्रॉसओव्हर म्हणतात. ॲक्टिव्ह रचनेत ही वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच डीएसपीमध्ये (संदेशावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात किंवा सॉफ्टवेअरमध्ये) होते आणि प्रत्येक ड्रायव्हरला ॲम्प्लिफायरचा स्वतंत्र चॅनेल मिळतो. स्टिरिओ जोडीसाठी टू-वे (प्रत्येक पेटीत दोन ड्रायव्हरच्या) रचनेला चार आणि थ्री-वे (तीन ड्रायव्हरच्या) रचनेला सहा चॅनेल लागतात. पहिली जोडी टू-वेच करावी; थ्री-वेमध्ये चुका शोधण्याचे काम दुपटीहून अधिक वाढते.

१. आधी ड्रायव्हर, मग फिल्टर

सगळे काही संगणकावर बदलता येते, या समजुतीने ड्रायव्हर आणि त्यांची जागा निष्काळजीपणे ठरवू नये, कारण डीएसपी समोरून ऐकू येणारा आवाज सुधारू शकतो, पण बाजूंना आवाज कसा पसरतो हे बदलू शकत नाही. साडेसहा इंची वूफरच्या शंकूचा प्रभावी व्यास सुमारे १३ सेंटिमीटर असतो आणि २६०० हर्ट्झच्या आसपास तरंगलांबीही तितकीच होते. तिथे पोहोचेपर्यंत त्याचा आवाज झोतासारखा अरुंद झालेला असतो. दुसऱ्या बाजूला, ट्वीटरच्या अनुनाद वारंवारतेच्या (ज्या वारंवारतेवर तो स्वतःहून सर्वाधिक कंप पावतो तिच्या) दुपटीखाली क्रॉसओव्हर, म्हणजे वाटणीची वारंवारता, नेणे धोक्याचे असते. या दोन मर्यादांमध्ये बहुधा १८०० ते २२०० हर्ट्झचा पट्टा उरतो. दोन्ही ड्रायव्हर शक्य तितके जवळ बसवावेत. त्यांच्या केंद्रांतील अंतर क्रॉसओव्हरच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे २००० हर्ट्झला १७ सेंटिमीटरपेक्षा, कमी राहिले तर उत्तम.

२. जोडणी आणि ट्वीटरचे संरक्षण

दोन इनपुट व चार आउटपुट असलेले तयार डीएसपी यंत्र पुरेसे असते. संगणकाची सवय असेल तर लिनक्सवर कॅमिलाडीएसपी हे सॉफ्टवेअर हाही चांगला पर्याय आहे. इथे ट्वीटर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेला असल्याने सुरू-बंद करतानाचा धक्का किंवा चुकून बदललेला चॅनेल त्याला क्षणात निकामी करू शकतो. म्हणून ट्वीटरच्या मार्गात एक कपॅसिटर कायमचा ठेवावा. आठ ओहमच्या ट्वीटरला ४७ मायक्रोफॅरड घेतल्यास त्याची सीमा (जिच्याखालचा आवाज तो अडवतो) सुमारे ४२० हर्ट्झवर, म्हणजे क्रॉसओव्हरच्या बरीच खाली पडते. प्रत्येक चॅनेल आधी एखाद्या जुन्या, फुटला तरी चालेल अशा ड्रायव्हरवर तपासावा आणि ट्वीटरचा हाय-पास फिल्टर (फक्त वरच्या वारंवारता जाऊ देणारा) सुरू असल्याची खात्री झाल्यावरच खरा ट्वीटर जोडावा.

३. मोजमाप

कॅलिब्रेशन फाइलसह (मायक्रोफोनच्या स्वतःच्या त्रुटींची नोंद असलेल्या फाइलसह) मिळणारा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर लागेल. स्पीकर आणि मायक्रोफोन जमिनीपासून एक मीटर उंच व एकमेकांपासून एक मीटर दूर ठेवले, तर जमिनीवरून परतणारा आवाज सुमारे ३.६ मिलिसेकंद उशिरा येतो. त्याआधीचाच भाग विचारात घेतला की अंदाजे २८० हर्ट्झच्या वरचे मोजमाप खोलीपासून मुक्त मिळते. मायक्रोफोन जागचा न हलवता दोन्ही ड्रायव्हर वेगवेगळे मोजावेत आणि वेळेचा संदर्भ (दोन्ही मोजमापांची वेळ एकाच क्षणापासून मोजण्याची सोय) सुरू ठेवावा; तो नसेल तर पुढील पायरी निव्वळ अंदाजाची ठरते.

४. फिल्टर आणि विलंब

चौथ्या क्रमाचा लिंकविट्झ-रायली हा सुरुवातीसाठी सर्वांत भरवशाचा फिल्टर आहे: उतार प्रति सप्तक (वारंवारता दुप्पट किंवा निम्मी होण्याइतके अंतर) २४ डेसिबल, क्रॉसओव्हरवर प्रत्येक ड्रायव्हर ६ डेसिबल खाली, आणि दोघांची बेरीज सपाट. मात्र हा आकार ड्रायव्हरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा असला पाहिजे. नुसता मेनूतून तो निवडला, तर ड्रायव्हरचा स्वतःचा उतार त्यात मिसळतो आणि एकूण उतार भलताच होतो. म्हणून क्रॉसओव्हरच्या दोन्ही बाजूंना किमान एक सप्तकभर ड्रायव्हरचा प्रतिसाद आधी सपाट करावा. हे करताना उंचवटे कमी करावेत आणि खळगे भरणे टाळावे, अन्यथा डिजिटल क्लिपिंगला (कमाल पातळी ओलांडल्याने संदेश कापला जाण्याला) वाट मिळते.

पेटीच्या सपाट दर्शनी फळीवर वूफरचे ध्वनिकेंद्र (आवाज जिथून निघतो असे धरले जाते तो बिंदू) ट्वीटरच्या मागे असते. अंतर अडीच सेंटिमीटर असेल तर ट्वीटरला ०.०७ मिलिसेकंद विलंब द्यावा लागतो. २००० हर्ट्झला हा एका आवर्तनाचा सातवा हिस्सा आहे. अचूक आकडा शोधण्यासाठी ट्वीटरची ध्रुवता (+ व − ची दिशा) उलटी करून दोन्ही ड्रायव्हर एकत्र मोजावेत आणि क्रॉसओव्हरवरील खड्डा सर्वांत खोल होईपर्यंत विलंब बदलावा. नंतर ध्रुवता पूर्ववत करावी.

५. खोली

सुमारे ३०० हर्ट्झखाली खोलीचाच प्रभाव मोठा असतो. तिथले मोजमाप बसण्याच्या जागेभोवती अनेक ठिकाणी घेऊन सरासरी काढावी आणि ठळक उंचवटेच कापावेत. उरलेला खोल खळगा स्पीकर किंवा खुर्ची हलवूनच भरतो.