मित्राने लावलेलं लग्न कायद्याने पक्कं कसं करायचं : अमेरिकेतल्या मराठी जोडप्यांसाठी

अमेरिकेतल्या मराठी लग्नांत आता गुरुजींऐवजी, किंवा गुरुजींच्या जोडीला, जवळचा मित्र किंवा मैत्रीण लग्न लावताना दिसते. त्यासाठी ती व्यक्ती युनिव्हर्सल लाइफ चर्च किंवा अमेरिकन मॅरेज मिनिस्ट्रीज अशा संस्थेच्या वेबसाइटवर नाव-पत्ता भरते आणि काही मिनिटांत ‘ऑर्डेन्ड मिनिस्टर’, म्हणजे त्या संस्थेची अधिकृत धर्मगुरू, होते. बहुतेक राज्यांत अशी लग्नं बिनबोभाट नोंदली जातात. काउंटी क्लर्क, म्हणजे स्थानिक नोंदणी अधिकारी, कागद घेतो, सर्टिफिकेट देतो, मित्राच्या ऑर्डिनेशनची चौकशी सहसा करतही नाही. पण क्लर्कने नोंद केली म्हणजे लग्न कोर्टात टिकेलच असं नाही. प्रश्न निघतो तो पुष्कळ वर्षांनी, घटस्फोटात, वारसाहक्कात किंवा इमिग्रेशनच्या फायलीत. म्हणून हॉल ठरवायच्या सुमारासच पुढची कामं उरकून घ्यावीत.

आधी राज्य बघा

लग्न ज्या राज्यात लागणार त्या राज्याचा कायदा लागू होतो. तुम्ही कुठे राहता किंवा मित्र कुठून येणार, याने फरक पडत नाही. मॅरेज लायसन्स, म्हणजे लग्नाआधी काढायचा सरकारी परवाना, तोही त्याच राज्याचा लागतो. न्यू जर्सीचं लायसन्स घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या रिसॉर्टवर लग्न लावता येत नाही. इलिनॉयमध्ये तर लायसन्स ज्या काउंटीचं, लग्नही त्याच काउंटीत लागतं. शिकागोचं लायसन्स घेऊन शेजारच्या काउंटीतल्या बँक्वेट हॉलमध्ये लग्न ठेवणाऱ्यांची इथेच फसगत होते.

ऑनलाइन ऑर्डिनेशनबद्दल राज्यांची मतं वेगवेगळी आहेत. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये युनिव्हर्सल लाइफ चर्चच्या मिनिस्टरने लावलेलं लग्न ग्राह्य धरलं. युटाने अशा मिनिस्टरांवर बंदी घातली होती, ती फेडरल कोर्टाने २००२ मध्ये रद्द केली. उलट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये या चर्चच्या मिनिस्टरांना लग्न लावायचा अधिकार नाकारला. टेनेसीने २०१९ मध्ये ऑनलाइन ऑर्डिनेशनवर लग्न लावायला कायद्यानेच मनाई केली आणि तो वाद फेडरल कोर्टात गेला. पेनसिल्व्हेनियात २००७-०८ च्या सुमारास एका काउंटीच्या न्यायाधीशांनी असं लग्न अवैध ठरवलं, तर दुसऱ्या काउंटीत नेमका उलटा निकाल लागला.

न्यूयॉर्कचं प्रकरण मराठी लोकांनी नीट समजून घ्यावं, कारण क्वीन्स आणि लाँग आयलंडवर आपली वस्ती आहे. तिथल्या कोर्टाने १९७२ मध्ये आणि मग १९८९ मध्ये अपील कोर्टाने युनिव्हर्सल लाइफ चर्चच्या मिनिस्टरने लावलेली लग्नं रद्दबातल धरली. १९८९ चा निकाल अपील कोर्टाच्या ज्या विभागाने दिला, त्याच्याच हद्दीत ब्रुकलिन, क्वीन्स आणि लाँग आयलंड येतात. २०१३ मध्ये दुसऱ्या विभागाने थोडी मोकळी भूमिका घेतली आणि हे खरोखर चर्च आहे का, हा पुराव्याने ठरवायचा प्रश्न आहे असं म्हटलं. म्हणजे एकाच राज्यात जागेप्रमाणे धोका कमी-जास्त.

नॉर्थ कॅरोलिनातला १९८० चा खटला तर डोळे उघडणारा आहे. एका गृहस्थावर द्विभार्या प्रकरणी खटला चालला होता. त्याचं पहिलं लग्न लावणाऱ्या कॅथलिक गृहस्थाने दहा डॉलरला टपालाने मिनिस्टरचं सर्टिफिकेट मागवलेलं होतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिलं लग्नच वैध नाही असं म्हणून आरोपीला सोडलं. त्यानंतर विधिमंडळाने ३ जुलै १९८१ पूर्वीची अशी लग्नं कायदा करून वैध केली. नंतरच्यांना त्या दुरुस्तीचा आधार नाही.

ऑर्डिनेशनपेक्षा पक्का रस्ता

आमचं स्पष्ट मत असं आहे की सरकारी ‘एक दिवसाचा ऑफिशियंट’ (लग्न लावायचा अधिकार असलेली व्यक्ती) ही सोय जिथे उपलब्ध आहे, तिथे ऑनलाइन ऑर्डिनेशनच्या वाटेला जाऊ नये. सरकारने स्वतः दिलेला अधिकार पुढे कोणी ‘हे चर्च खरं होतं का’ म्हणून उकरू शकत नाही. शिवाय ज्या मित्राची कुठल्याच चर्चवर श्रद्धा नाही, त्याला खोटं मिनिस्टर व्हावं लागत नाही.

न्यूयॉर्क राज्यात ही सोय मार्च २०२३ पासून आहे. अठरा वर्षांवरील कुणालाही टाउन किंवा सिटी क्लर्ककडे अर्ज करून २५ डॉलरमध्ये ठराविक जोडप्याचं लग्न लावायचा परवाना मिळतो. त्यासाठी त्या राज्याचा रहिवासी असावं लागत नाही, म्हणजे सिएटलहून आलेला मित्रही चालतो. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरच्या कार्यालयाकडून एका दिवसाची नेमणूक मिळते, पण अर्ज काही आठवडे आधी हवा. कॅलिफोर्नियात अनेक काउंट्या एका दिवसासाठी ‘डेप्युटी कमिशनर ऑफ सिव्हिल मॅरेजेस’ नेमतात. सगळ्या काउंट्या नेमत नाहीत, आणि मित्राला शपथ घ्यावी लागते, त्यामुळे त्याचं विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी काउंटी क्लर्कला फोन करावा. व्हर्जिनियात सर्किट कोर्टाकडून ५०० डॉलरच्या बाँडवर (हमीपत्रावर) एकदाच लग्न लावायची परवानगी मिळते.

कोलोरॅडोत तर ऑफिशियंटच लागत नाही. जोडपं स्वतःच लायसन्सवर सही करून लग्न लावू शकतं. पेनसिल्व्हेनियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतून आलेलं, ऑफिशियंटशिवाय चालणारं सेल्फ-युनायटिंग लायसन्स मिळतं, त्यावर दोन साक्षीदार लागतात. अशा ठिकाणी मित्राने मंगलाष्टकं म्हणावीत, जोडप्याची गोष्ट सांगावी, कायद्याचा भार त्याच्यावर पडत नाही.

यातलं काहीच जमत नसेल तर कोर्टहाउसमध्ये जाऊन न्यायाधीश किंवा क्लर्कसमोर सही-शिक्क्याचं लग्न आधी करून घ्या आणि मित्राकडचा सोहळा मग मनासारखा करा. हा सगळ्यात निर्धोक मार्ग आहे, फक्त कायदेशीर लग्नाची तारीख ही कोर्टातली, एवढं घरच्यांना समजावून ठेवायचं. ऑनलाइन ऑर्डिनेशनच वापरायचं असेल तर सर्टिफिकेटची आणि संस्थेच्या पत्राची छापील प्रत जपून ठेवा, आणि नोंदणी कुठे लागते ते बघा. न्यूयॉर्क शहराच्या पाचही बरोंमध्ये (विभागांमध्ये) लग्न लावणाऱ्याला सिटी क्लर्ककडे आधी नाव नोंदवावं लागतं. हवाईत आरोग्य खात्याकडून परवाना लागतो. नेवाडात काउंटी क्लर्ककडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ही नोंदणी देवळातल्या गुरुजींनाही लागू आहे, त्यामुळे बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या गुरुजींनाही हाच प्रश्न विचारा.

लायसन्स : तारखांचं गणित

लायसन्स काढायला दोघांनी सहसा जातीने जायचं असतं. पासपोर्ट न्या, आणि पूर्वी घटस्फोट झाला असेल तर त्याचे कागदही.

न्यू जर्सीत अर्जानंतर ७२ तास थांबावं लागतं आणि अर्ज करतानाच अठरा वर्षांवरचा एक साक्षीदार बरोबर हवा. राज्यातल्या रहिवाशांनी आपल्या राहत्या गावाच्या रजिस्ट्रारकडे जायचं, हॉल असलेल्या गावाच्या नाही. टेक्ससमध्येही ७२ तास. न्यूयॉर्कमध्ये २४ तास थांबायचं आणि ६० दिवसांच्या आत लग्न लावायचं. कॅलिफोर्नियात थांबावं लागत नाही, लायसन्स ९० दिवस चालतं. शनिवारी मुहूर्त असेल आणि शुक्रवारी दुपारी लायसन्स काढायला गेलात, तर न्यू जर्सीत ते लग्न कायद्याने शनिवारी लागणार नाही. मुहूर्त पाळायचा असेल तर आदल्या आठवड्यातच लायसन्स हातात हवं.

अर्जावरच्या नावाकडे विशेष लक्ष द्या. लग्नानंतरचं नाव न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात अर्ज भरतानाच लिहावं लागतं, नंतर हौस म्हणून बदलता येत नाही. आपल्याकडे पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव मधे असतं, कधी आडनावाचा रकाना रिकामा असतो, कधी ‘देशपांडे’चं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन असतं. लायसन्सवर अक्षरन्‌अक्षर पासपोर्टप्रमाणे लिहा. लग्नानंतरच्या विमा, बँक आणि व्हिसाच्या अडचणींचं मूळ पुष्कळदा या एका रकान्यात असतं.

सोहळ्यात काय बोललंच पाहिजे

आपल्या पद्धतीत अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं होतात, ‘शुभमंगल सावधान’ म्हणतात आणि अक्षता पडतात. वधूवर स्वतः तोंडाने ‘हो’ कुठेच म्हणत नाहीत. न्यूयॉर्कचा कायदा विशिष्ट विधी मागत नाही, पण ऑफिशियंट आणि किमान एक साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना जोडीदार म्हणून स्वीकारतो असं जाहीर करावं, एवढं मागतो. इतर राज्यांतही साधारण हीच अपेक्षा असते. म्हणून मित्राने अंतरपाट दूर झाल्यावर किंवा सप्तपदीनंतर दोघांना नाव घेऊन सरळ विचारावं, ‘तुम्ही यांना जोडीदार म्हणून स्वीकारता का?’ आणि दोघांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यावं. मग मित्राने दोघांचं लग्न लागलं असं जाहीर करावं. हे मराठीत चालतं, पण साक्षीदाराला मराठी येत नसेल तर इंग्रजीतही एकदा म्हणावं. मित्र प्रत्यक्ष त्याच जागी हवा. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर त्याने लग्न लावलेलं बहुतेक राज्यांत चालत नाही.

सह्या आणि परत पाठवणी

इथेच सर्वात जास्त घोटाळे होतात. लग्न झाल्यावर लगेच, जेवणाच्या पंगतीआधी, सह्या उरका. काळ्या शाईचं पेन, स्वच्छ टेबल, खाडाखोड नाही, व्हाइटनर अजिबात नाही. कॅलिफोर्नियात खाडाखोड झाली तर डुप्लिकेट लायसन्सची प्रक्रिया करावी लागते. तिथे साध्या लायसन्सवर एक किंवा दोन साक्षीदारांच्याच सह्या चालतात. हौशी मामा-मावशींना सहीला बोलावून तिसरी सही केली की कागद परत येतो. मित्राने आपलं पद आणि संस्था ज्या नावाने अधिकार मिळाला त्याच नावाने लिहायची. एक दिवसाचा सरकारी ऑफिशियंट असेल तर ‘रेव्हरंड’ वगैरे लिहू नये.

सही केलेलं लायसन्स परत पोचवायची जबाबदारी ऑफिशियंटची असते, आणि बहुतेक मित्रांना हे ठाऊकच नसतं. मुदत न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियात ५ दिवस, कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनियात १० दिवस, टेक्ससमध्ये ३० दिवस. पाकिटावर पत्ता आणि तिकिटं लावून ते आधीच मित्राच्या हाती द्या. कागदाचा फोनवर फोटो काढा आणि ट्रॅकिंग असलेल्या टपालाने पाठवा. कागद हरवला म्हणून लग्न मोडत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर दुसऱ्या कुणाच्या चुकीने लग्न अवैध होत नाही असं लिहिलंच आहे. पण सर्टिफिकेटशिवाय जोडीदाराचा एच-४ व्हिसा किंवा ग्रीन कार्डचा अर्ज अडतो.

आधीच झालेल्या लग्नाबद्दल शंका असेल तर नवं लायसन्स काढून न्यायाधीशासमोर पुन्हा लग्न करता येतं. मात्र इमिग्रेशनचा अर्ज चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हे करू नये. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हेच बघतं. फायलीत दोन तारखा दिसल्या की त्याचा खुलासा द्यावा लागतो.

भारतात काय होतं

भारतात ऑनलाइन ऑर्डिनेशनला काडीचं महत्त्व नाही. हिंदू विवाह कायदा लग्न कोणी लावलं हे विचारत नाही, वधू किंवा वराकडच्या रूढीप्रमाणे विधी झाले का, हे विचारतो. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावलं होतं. त्यामुळे पुण्यात मित्राने मंगलाष्टकं म्हणून सप्तपदी करवली तर हरकत नाही, पण विधी व्हायला हवेत. विधी न करता नुसतं मिळवलेलं सर्टिफिकेट म्हणजे हिंदू विवाह नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. विशेष विवाह कायद्याखाली मात्र सरकारी विवाह अधिकारी, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. तिथे मित्राला फक्त साक्षीदार होता येतं.

अमेरिकेत कायदेशीर लग्न झालेलं असेल आणि नातेवाइकांसाठी पुण्यात किंवा कोल्हापुरात पुन्हा सोहळा करणार असाल, तर तो सोहळाच ठेवा. नव्या तारखेने पुन्हा नोंदणी केली की एकाच लग्नाची दोन सर्टिफिकेटं तयार होतात. भारतातल्या कामांसाठी अमेरिकन सर्टिफिकेटवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घ्या. त्यासाठी साधी प्रत चालत नाही. न्यूयॉर्क शहरात ‘एक्स्टेंडेड’ (सविस्तर) सर्टिफिकेट मागावं लागतं. ते काउंटी क्लर्ककडे आणि मग राज्याच्या खात्याकडे न्यायचं. तीन-चार सर्टिफाइड प्रती एकदमच मागवा.